चोर सोडून संन्याशाला फाशी

एखाद्याच्या घरी चोरी झाली तर आपण काय म्हणतो? "अरेरे! काय काय गेलं? पोलीस येऊन गेले का? इन्शुरन्स आहे ना?" घरातलं माणूस घाबरलेलं असेल तर त्याच्याजवळ घटकाभर बसतो, डबा पाठवतो. तीच चोरी ई-मेलमधून झाली की मात्र आपला सूर पालटतो. "एवढा शिकलेला माणूस आणि असा कसा फसला?" हा पहिला प्रश्न आणि "हाव नडली, दुसरं काय!" हा त्याच दमात निकाल. चोर कोण होता, कुठला होता, त्याला कोणी मदत केली, याची चौकशी कोणी करत नाही. ज्याचे पैसे गेले त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून आपण पुन्हा बटाटेवड्याकडे वळतो.

मंडळाच्या कार्यक्रमांत हा निकाल मी इतक्या वेळा ऐकला आहे की यंदाच्या स्मरणिकेत त्याच्याशी सरळ भांडायचं ठरवलं. माझं म्हणणं थोडक्यात असं: फसणारा हावरट असतो हा समज जुना झाला, आज तो खोटा आहे. आणि नुसता खोटा असता तर सोडून दिलं असतं. तो चोरांच्या फायद्याचा आहे. आपण हसतो म्हणून फसलेला माणूस गप्प बसतो, आणि तो गप्प बसतो म्हणून चोर दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरी जातो.

या समजाला इतिहास आहे, तो आधी पाहू. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतल्या सुखवस्तू लोकांना टपालाने अनोळखी पत्रं येत. कोणी एक श्रीमंत गृहस्थ स्पेनमधल्या तुरुंगात अडकला आहे, त्याला सोडवायला थोडे पैसे पाठवा, सुटल्यावर खजिन्यातला वाटा तुमचा, असा मजकूर. हाच मजकूर पुढे नायजेरियातून आधी टपालाने, मग फॅक्सने आणि शेवटी ई-मेलने यायला लागला. स्पेनच्या कैद्याच्या जागी परागंदा राजपुत्र किंवा मेलेल्या मंत्र्याची विधवा आली, एवढाच फरक. नायजेरियाच्या फौजदारी कायद्यात फसवणुकीचं कलम ४१९, म्हणून या प्रकाराला जगभर ‘फोर वन नाइन’ हेच नाव पडलं. आपलं ४२० अगदी शेजारचं! (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत फसवणूक ३१८व्या कलमात गेली. पण ‘चारसो बीस’ ही पदवी कुठल्या कायद्याने रद्द होणार?)

त्या पत्रांत गळाला हावेचंच आमिष होतं, हे कबूल. आपण ती एकमेकांना वाचून दाखवली, इंग्रजीच्या चुकांवर हसलो आणि डिलीट केली. "असल्याला कोण भुलतो?" असं म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेतली. आता गंमत ऐका. मायक्रोसॉफ्टमधले संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ साली एक निबंध लिहिला. त्यांचा प्रश्न असा, की हे चोर आपण नायजेरियाचे आहोत असं उघड का सांगतात? त्यांचं उत्तर असं, की लाखो ई-मेल्स पाठवायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, पण उत्तर देणाऱ्या प्रत्येकाशी पुढे पत्रव्यवहार करायला वेळ लागतो. म्हणून पहिलं पत्रच इतकं हास्यास्पद ठेवायचं की संशयी माणूस तिथेच गळून पडावा. म्हणजे आपण हसून डिलीट करत होतो तेच त्यांना हवं होतं. आपण त्यांना हरवत नव्हतो, त्यांचं धान्य फुकटात पाखडून देत होतो.

आता आजच्या ई-मेल्स पाहा आणि त्यांत हाव कुठे दिसते ते मला सांगा.

पहिली आपल्या मंडळांच्याच दारात येते. मंडळाच्या वेबसाइटवर कार्यकारिणीची नावं, हुद्दे, फोटो आणि ई-मेलचे पत्ते हौसेने मांडलेले असतात. एखाद्या संध्याकाळी खजिनदाराला अध्यक्षांच्या नावाने दोन ओळी येतात. ‘मीटिंगमध्ये आहे, फोन घेता येणार नाही. एका आजारी सभासदासाठी शंभर-शंभर डॉलरची पाच गिफ्ट कार्ड्स तातडीने हवी आहेत. मागची पट्टी खरवडून नंबरांचे फोटो पाठव, पैसे उद्या देतो.’ नाव अध्यक्षांचं, पत्ता मात्र भलताच. कार्डावरचे नंबर गेले की पैसे गेले, कार्ड तुमच्या खिशात असलं तरी. २०१९ साली फेडरल ट्रेड कमिशनने याच प्रकाराबद्दल इशारा दिला होता. तिथे पाद्र्यांच्या नावाने भाविकांकडे गिफ्ट कार्डं मागितली जात होती. आजाऱ्यासाठी स्वतःच्या खिशातून पाचशे डॉलर काढायला निघालेल्या खजिनदाराला हावरट म्हणायचं का?

दुसरी ई-मेल अँटिव्हायरसच्या पावतीची. ‘आपल्या खात्यातून ३९९ डॉलर वजा होत आहेत. नको असल्यास या नंबरवर फोन करा.’ मागवलेलंच नाही म्हणून आपण फोन करतो. पलीकडचा अदबीने बोलतो, पैसे परत करायचे म्हणून आपल्या कॉम्प्युटरचा ताबा मागतो आणि थोड्या वेळाने एकदम रडकुंडीला येतो. "सर, चारशेऐवजी चाळीस हजार टाकले गेले. माझी नोकरी जाईल. वरचे परत करा." पडद्यावर आकडाही तसाच दिसतो, कारण तो त्यानेच आपल्या एका खात्यातून दुसऱ्यात फिरवलेला किंवा पडद्यावर रंगवलेला असतो. आणि आपल्यातला सज्जन माणूस दुसऱ्याची नोकरी जाऊ नये म्हणून बँकेत धावतो. हावरट माणसाने ते चाळीस हजार खुशाल ठेवून घेतले असते आणि तो वाचला असता! इथे गळ टाकला जातो तो प्रामाणिकपणाला.

तिसरी सरकारी थाटाची. तुमच्या इमिग्रेशनच्या अर्जात त्रुटी आहे, तुमचा कर थकला आहे, चोवीस तासांत अमुक भरा. इथे जन्मलेला माणूस कदाचित कुरकुर करत ती बाजूला सारेल. एच-वन व्हिसावरचा, ग्रीन कार्डाच्या रांगेत दहा-दहा वर्षं उभा असलेला माणूस सारू शकत नाही. त्याचं घर, मुलांची शाळा, बायकोची नोकरी सगळं एका कागदावर उभं असतं. सरकारी पत्राला घाबरून लगेच उत्तर देणं ही त्याची इतक्या वर्षांची शिस्त आहे. ती शिस्त नसती तर तो इथवर पोचलाच नसता.

चौथी २०१८ च्या सुमारास फार बोकाळली आणि अजून येते. तिच्या मथळ्यात तुमचा खरा, जुना पासवर्ड असतो. ‘तुमच्या कॅमेऱ्यातून मी तुमचं चित्रण केलं आहे. बिटकॉइन पाठवा, नाहीतर सगळ्या ओळखीच्यांना पाठवतो.’ पासवर्ड मिळतो तो कुठल्या तरी कंपनीच्या फुटलेल्या साठ्यातून. चित्रण वगैरे सहसा काही नसतं. पण पत्र वाचणारा ते कोणाला विचारणार? "मला अशी धमकी आली आहे" एवढं म्हणायचीही चोरी. इथे चोराने आपली लाज थेट हत्यार म्हणून वापरली आहे.

मदत करण्याची वृत्ती, प्रामाणिकपणा, कायद्याचा धाक आणि अब्रूची चाड. आपल्या मुलांनी शिकावेत म्हणून रविवारी मराठी शाळेत पाठवतो ते हेच गुण नाहीत का? यांच्यावर गळ टाकणाऱ्याला सोडून ज्याच्या अंगी ते आहेत त्याला आपण मूर्ख ठरवतो.

आणि हो, चुकीच्या इंग्रजीवरून ओळखू, ही मिजासही आता सोडा. चांगलं व्याकरण आज यंत्र लिहून देतं. उद्या शुद्ध मराठीत, ‘सप्रेम नमस्कार’ घालून पत्र आलं तर नवल नको.

"पण ही तर दूरदेशीची कुठली तरी टोळी!" असं म्हणून हात झटकायची सोयही आपल्याला नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. सातशेहून अधिक जणांची चौकशी झाली, सुमारे सत्तर जणांना अटक झाली. आयआरएसचे अधिकारी असल्याचं भासवून तिथून अमेरिकेतल्या लोकांना धमकावलं जात होतं. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने अहमदाबादच्या पाच कॉल सेंटरांसह ५६ व्यक्तींवर अशाच प्रकरणात आरोप ठेवले. २०१८ साली त्यांपैकी अमेरिकेतल्या २१ जणांना शिक्षा झाल्या, काहींना वीस वर्षांपर्यंत. बळी पडलेल्यांत इथले वृद्ध होते तसे कायदेशीरपणे आलेले स्थलांतरितही होते, म्हणजे आपल्यासारखेच. ती भीती कशी वापरायची हे आपल्याच मातीतल्या माणसांना चांगलं ठाऊक होतं. तेव्हा फोनच होता. आता ई-मेल हे पहिलं पाऊल असतं आणि तिच्यातला नंबर अशाच एखाद्या खोलीत वाजतो.

त्या खोल्यांतही सगळे राजीखुशीने बसलेले नसतात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये अहवाल दिला की म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० लोकांना असले धंदे करायला जबरदस्तीने डांबलेलं असावं. त्यांत नोकरीच्या आशेने गेलेले भारतीय तरुणही सापडले आहेत. एवढा मोठा कारखाना चालवणाऱ्यांसमोर "कसा फसला?" हा प्रश्न किती खुजा आहे!

आता आकडे. एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्राकडे, म्हणजे ज्याला आयसी-थ्री म्हणतात तिथे, २०२४ साली ८,५९,५३२ तक्रारी आल्या. सांगितलेलं नुकसान १६.६ अब्ज डॉलर. त्यातलं पावणेपाच अब्जांहून अधिक साठीच्या पुढच्या माणसांचं. आणि हे ज्यांनी तोंड उघडलं त्यांचं. जे लाजेने गप्प बसले ते या हिशेबात नाहीतच.

गप्प बसण्याची किंमत नुसती मानसिक नसते. बँकेतून गेलेला पैसा काही तास, कधी दोन-तीन दिवस वाटेत असतो. तेवढ्या वेळात बँकेला आणि आयसी-थ्रीला कळवलं तर तो अडवता येतो. २०२४ साली त्यांच्या पथकाने ज्या व्यवहारांमागे धाव घेतली त्यांतली सुमारे दोन तृतीयांश रक्कम गोठवता आली. आता आपल्या घरी काय होतं ते आठवा. बाबांच्या लक्षात येतं सोमवारी. मुलगा ओरडेल म्हणून ते सांगत नाहीत. सून काय म्हणेल म्हणून आईलाही बजावतात. बँकेचं पत्र येतं महिन्याने. तोवर पैसे तीन देश ओलांडून गेलेले असतात. आणि मग येते दुसरी ई-मेल: ‘आपले बुडालेले पैसे आम्ही मिळवून देतो, फी अमुक.’ ही त्याच चोरांची किंवा त्यांच्याकडून यादी विकत घेणाऱ्यांची. घरात सांगायची सोय नसलेला माणूस तिलाही उत्तर देतो. पहिल्या चोरीला बाहेरचे जबाबदार होते. दुसरीला आपणही थोडे आहोत.

यावर तीन आक्षेप हमखास येतात.

एक, "म्हणजे माणसाने सावध राहायचंच नाही का?" राहायचं की! दाराला कुलूप लावायचंच. आयआरएस पहिला संपर्क सहसा टपालाने करते, ई-मेलने पैशांची मागणी करत नाही. इमिग्रेशन खातं गिफ्ट कार्डावर फी घेत नाही. ई-मेलमधल्या नंबरवर फोन न करता बँकेच्या कार्डामागच्या नंबरवर करावा. चोराच्या ई-मेलखालचं ‘अनसबस्क्राइब’ दाबू नये, त्याने तुमचा पत्ता जिवंत असल्याचं तेवढं त्याला कळतं. हे सगळं सांगावंच. पण कुलूप तुटलं म्हणून घरमालकाला कोणी चोर म्हणत नाही.

दोन, "म्हाताऱ्यांच्या हातातून कॉम्प्युटर काढून घ्या." हा सल्ला देणाऱ्यांची मला गंमत वाटते. सहा महिन्यांसाठी इथे आलेल्या आईला ना गाडी येते, ना शेजार आहे. तिचा सगळा संसार त्या पडद्यावर आहे. तोही काढून घेतला तर तिला कैदेत ठेवल्यासारखंच झालं. आणि फसणारे फक्त म्हातारे असतात हेही खरं नाही. आयसी-थ्रीच्या २०२४ च्या हिशेबात कंपन्यांच्या ई-मेल्स बनावट करून पैसे वळवण्याच्या प्रकारात २.७७ अब्ज डॉलर गेले. तिथे बसलेले सगळे कमावत्या वयाचे, पदवीधर, रोज हिशेब बघणारे.

तीन, "तक्रार करून काय होतं?" याचं अर्धं उत्तर वर दिलं. उरलेलं असं, की सगळा भार एकट्या फसलेल्यावर टाकायचा की नाही हे समाज ठरवतो, आणि तो तक्रारी मोजून ठरवतो. अमेरिकेने २००३ साली ‘कॅन-स्पॅम’ कायदा केला, तो १ जानेवारी २००४ पासून लागू झाला. त्यात नको असलेल्या जाहिरातीला बंदी नाही. पाठवणाऱ्याने खरं नाव-पत्ता लिहावा आणि आपण ‘नको’ म्हटल्यावर दहा कामकाजाच्या दिवसांत थांबावं, एवढंच. म्हणजे तसदी आपणच घ्यायची. मोठ्या प्रमाणावर ई-मेल पाठवणाऱ्यांनी आपली ओळख तांत्रिकदृष्ट्या सिद्ध केलीच पाहिजे असा नियम गूगल आणि याहूने लागू केला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये, वीस वर्षांनी! पैसे पाठवण्याच्या वाटांचं तेच. फसवणुकीचे पैसे आपल्या यंत्रणेतून जाऊ दिल्याच्या प्रकरणात वेस्टर्न युनियनने २०१७ साली सरकारला ५८ कोटी ६० लाख डॉलर देण्याचं मान्य केलं. तक्रारींचा ढीग नसता तर हे झालं असतं का?

ब्रिटनमध्ये तर याहून पुढचं पाऊल पडलं. ७ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे नियम आहे की ग्राहकाने फसून स्वतःच्या हाताने देशातल्या देशात पैसे पाठवले, तरी बँकेने ते ८५,००० पौंडांपर्यंत भरून द्यायचे. भार पाठवणाऱ्या आणि स्वीकारणाऱ्या बँकेने निम्मा-निम्मा उचलायचा. घोर निष्काळजीपणा किंवा ग्राहकाचीच लबाडी असेल तर गोष्ट वेगळी. आपल्या जेवणाच्या टेबलावरचा निकाल आणि तिथला नियम शेजारी ठेवून पाहा. तिथे एका देशाने अधिकृतपणे म्हटलं की फसलेला माणूस हा गुन्ह्याचा बळी आहे. इथे अमेरिकेत मात्र स्वतः पाठवलेल्या पैशांवर बँका बहुधा हात वर करतात. हा नियम इथेही यावा असं वाटत असेल तर आपल्या भागातल्या लोकप्रतिनिधीला पत्र लिहा. गणपतीच्या कार्यक्रमाला त्यांना हार घालायला बोलावतो, तेव्हा एक कागदही हातात द्यायला काय हरकत आहे?

आणि सरकारने काही करेपर्यंत मंडळाने करण्यासारखं पुष्कळ आहे. वेबसाइटवर अध्यक्ष-खजिनदारांचे खासगी पत्ते उघडे टाकू नयेत. ई-मेलवर आलेल्या कुठल्याही विनंतीवरून, ती कोणाच्याही नावाने असो, प्रत्यक्ष बोलल्याशिवाय एक डॉलरही हलणार नाही, असा ठराव लिहून ठेवावा. दीडशे जणांचे पत्ते उघडे ठेवून विनोद आणि ‘अतिमहत्त्वाची सूचना’ पुढे ढकलायची सवय सोडावी. असा एक निरोप चोराच्या हाती लागला की सभासदांची यादीच त्याला आयती मिळते. चोराला उलट उत्तर पाठवून त्याची फिरकी घेण्याचा शौकही नको. त्याला आपल्यापेक्षा जास्त वेळ आहे. आलेली ई-मेल फिशिंग म्हणून कळवायला दोन टिचक्या लागतात, नुसत्या डिलीटपेक्षा एकच जास्त. ती टिचकी आपल्यासाठी नसते, ज्याच्याकडे ती ई-मेल अजून पोचायची आहे त्याच्यासाठी असते.

दोन फोन नंबर फ्रिजवर लावून ठेवा. साठीच्या पुढच्यांसाठी इथल्या न्याय खात्याची मदतवाहिनी ८३३-३७२-८३११. पुण्या-ठाण्याला एकटे राहणाऱ्या आई-वडिलांसाठी भारतातली सायबर गुन्ह्यांची मदतवाहिनी १९३०. आणि तिसरा नंबर मंडळाने द्यावा. कार्यकारिणीतल्या अशा एका माणसाचा, जो रात्री अकरा वाजताही फोन उचलेल आणि "असं कसं केलंत?" हे वाक्य उच्चारणार नाही. हुद्दा काही देऊ नका. फक्त सगळ्यांना त्याचं नाव माहीत असू द्या.

यंदाच्या कोजागरीला किंवा दिवाळीच्या फराळाला कोणी दबक्या आवाजात असं काही सांगायला लागलं तर त्याला हसू नका. ताट बाजूला ठेवा आणि विचारा, "बँकेला कळवलं का? चला, आत्ताच फोन लावू." चोरांना या एका वाक्याची जेवढी धास्ती आहे तेवढी कुठल्याही अँटिव्हायरसची नाही.